बिनराणीची पेटी

डोंगळे फुलले की माझ्या नाकाला आधी कळतं, डोळ्यांना मागून. बियाण्यासाठी राखलेला कांदा थंडी सरता सरता उंच दांडे वर काढतो आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो. त्यालाच आमच्याकडे डोंगळे म्हणतात. काल पारोळ्याहून बाजार करून येत होतो. मोटारसायकलवर मागे बसल्या बसल्या वास आला आणि मी यांच्या पाठीवर थाप मारली. "थांबा." हे थांबले. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनाही सवय झाली आहे.

तो वास अर्धा मधाचा आणि अर्धा चिरलेल्या कांद्याचा. पहिल्या वर्षी मी नाक मुरडून म्हटलं होतं, "हा कसला वास? धड गोड नाही, धड तिखट नाही." तेव्हा हे हसून म्हणाले होते, "तुन्हासारखाच शे." मी दिवसभर रुसले होते. नवी नवरी होते, रुसायचा हक्क होता. आता मात्र वाटतं, माणूस खरं तेच बोलला.

बांधावर उभी राहिले. गोंड्यागोंड्यावर माश्या होत्या. कांद्याच्या फुलाचा एक नखरा आहे. त्यातलं नराचं अंग आधी पिकतं, मादीचं मागून. एकाच फुलात दोघं राहतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. या फुलाचा पराग त्या फुलावर कुणीतरी नेऊन द्यावा लागतो. म्हणून या दिवसांत डोंगळेवाले शेतकरी आमच्याकडे येतात आणि आमच्या मधमाश्यांच्या पेट्या त्यांच्या शेतात मुक्कामाला जातात. आमचा हा धंदाच आहे. पण मला मात्र हा फुलोरा दिसला की धंदा आठवत नाही. त्या एका हंगामात मी एका पोरीसाठी जीव मुठीत धरून बसले होते, ते आठवतं.

मी मूळची रावेरकडची. केळीच्या बागेत जन्मले आणि केळीच्याच पानावर जेवले. पहिलं लग्न तिकडेच झालं होतं आणि मोडलंही तिकडेच. मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं. सासरच्या बायकांनी ते रोज सांगितलं. शेवटी मी पिशवी उचलली आणि माहेरी आले. माहेरी काही वर्षं गेली आणि मग धुळ्याच्या वाटेवरचं हे स्थळ आलं. बिजवर. बायको तापानं गेलेली, मागे आठ वर्षांची मुलगी. आई मला समजावत होती, "पोर हाये घरात. तुले आयतं लेकरू भेटू राह्यलं, बाई." त्या 'आयतं' शब्दाचा मला असा राग आला की मी ताटावरून उठले. लेकरू म्हणजे काय खुंटीवर टांगलेला सदरा आहे, काढला आणि घातला?

पण आतून मी हरखले होते. खोटं कशाला बोलू? त्या एका वाक्यावरच मी होकार दिला.

आमच्याकडे रीत आहे. बिजवराशी लग्न लागलं की नव्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. पहिलीचं नाव सुनंदा. टाकावर तिचा म्हणून एक छोटासा बाईचा ठसा होता, नाकडोळे धड न कळणारा. मंगळसूत्राशेजारी तो बांधला तेव्हा गळ्याला गार लागला. मला तो मुळीच आवडला नाही. म्हटलं, मेलेल्या बाईचं ओझं जिवंत बाईनं का वाहायचं?

लग्नाला सुनंदाचा भाऊ आला होता, दोंडाईच्याहून. भिकनमामा. मिरचीच्या बाजारात त्याचं काम, त्यामुळे कपडे कितीही धुतले तरी अंगाला मिरचीचा वास असायचा. रूपा, म्हणजे ती पोर, मामाच्या कडेवर बसायची आणि शिंकत राहायची, पण उतरायची नाही. जाताना मामा यांना म्हणाला, "पोरनं मन रमनं तं ठीक. नई रमनं तं आखाजीले मी लेवाले येसु. आमनी माय वाट देखी राहिनी." मग माझ्याकडे पाहून हात जोडले. "बहीण, राग मानू नको."

तो वाईट बोलला नव्हता. पण त्या दिवसापासून आखाजी माझ्या डोक्यावर टांगली गेली. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीया म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. भाऊ बहिणीला न्यायला येतो, झाडांना झोके बांधले जातात, बायका पोटभर माहेरपण करतात. मला मात्र ती येऊच नये असं वाटत होतं. मागच्या घरातून मी एकटी निघाले होते. या घरातून पोर निघून गेली तर मी इथं कशासाठी उरणार होते?

रूपा भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ती सांगितलेलं सगळं करायची. पाणी द्यायची, अभ्यास करायची, जेवायची. फक्त मला कशानंही हाक मारायची नाही. काही हवं असेल तर समोर येऊन उभी राहायची. आणि एक करायची: माझ्याजवळून जाताना हळूच वास घ्यायची, आणि जरा लांब व्हायची. मी यांना विचारलं, तिची आई कुठला साबण वापरायची? कुठलं तेल? हे बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "लाल रंगना साबन व्हता काय की." धन्य! या माणसाला पेटीचं झाकण न उघडता आतल्या माश्या उपाशी आहेत की भरल्या पोटी, हे वासावरून कळतं. बायकोचा साबण तेवढा आठवत नाही.

घरची माणसंही घाई करत होती. सासरे, म्हणजे आबा, मायेनंच म्हणायचे, "रूपी, आई म्हन तिले. काय म्हनशी? आई." शेजारणी तिला पकडून माझ्यापुढे उभं करायच्या. पोर खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरायची. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

मग डोंगळे फुलले. पेट्या शेतांवर गेल्या आणि आमचं दिवसाचं बिऱ्हाड त्यांच्यामागे. शाळा सुटली की रूपा थेट शेतात यायची. माश्यांची तिला तिळभर भीती नव्हती. मला होती, पण पोर जिथं तिथं मी, असं मी ठरवलं होतं. निंबाखाली बसून मी हिवाळी लसणीच्या पाकळ्या सोलायचे आणि कान त्या बापलेकीकडे लावायचे. मधमाश्यांबद्दल मी जे काही शिकले ते असं चोरून ऐकून शिकले.

राणीमाशी राज्य करत नाही, हे मला तिथं कळलं. ती हुकूम सोडत नाही, ओरडत नाही. तिच्या अंगाला एक वास असतो, बस. भोवतीच्या माश्या तिला चाटतात, कुरवाळतात, आणि तो वास तोंडातोंडी सगळ्या पेटीत पोचतो. तो वास आहे तोवर प्रत्येक माशीला ठाऊक असतं की आई घरात आहे. मग कुणी पोळं बांधतं, कुणी पाणी आणतं, कुणी दारात राखण करतं. कामकरी माश्या सगळ्या बायकाच, पण त्या स्वतः अंडी घालत नाहीत. राणी गेली तर काही तासांत तो वास विरळ होतो आणि हजारो माश्यांना एकदमच कळतं. कुणी कुणाला सांगायला जात नाही.

एका दुपारी रूपानं बांधाकडेच्या पेटीला कान लावला आणि तशीच बसून राहिली. "दादा, हाई पेटी रडी राहिनी," तिनं बापाला सांगितलं.

यांनीही कान लावला. मग मीही लावला, भीत भीत. बाकीच्या पेट्यांचा आवाज एका सुरात असतो. या पेटीचा आवाज उठायचा, फाटायचा आणि पुन्हा उठायचा. झाकण काढून यांनी पोळ्याची एकेक चौकट उन्हात धरली. राणी नव्हती. कधी गेली कुणास ठाऊक, पण बरेच दिवस झाले असावेत. वेळेवर लक्षात आलं असतं तर माश्यांनी कोवळ्या अळीला निराळं दूध पाजून स्वतःच नवी राणी केली असती. आता कोवळं काही उरलंच नव्हतं. आणि आई नाही, पिल्लं नाहीत, असं फार दिवस चाललं की कामकरी माश्यांच्या पोटात काहीतरी जागं होतं. त्या अंडी घालू लागतात. पोळ्याच्या एकेका घरात तीन तीन, चार चार, वेडीवाकडी, काही भिंतीलाच चिकटलेली. पण नराशी त्यांची गाठ कधी पडलेलीच नसते. त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात, आणि नर कामाला हात लावत नाहीत. अशी पेटी हळूहळू सरते.

मी ती वेडीवाकडी अंडी पाहत राहिले. मागच्या घरी उपासतापास, अंगारे, दोरे, काय काय केलं होतं मी. या माश्यांना वेड्या कोण म्हणेल?

"दुसरी राणी दी टाकसु," हे म्हणाले. दुसऱ्या पेटीत एक जादा राणी होती. तिला जाळीच्या चिमुकल्या पिंजऱ्यात घालायचं, दाराला पिठीसाखर आणि मधाची मळलेली गोळी लावायची आणि तो पिंजरा पेटीत टांगायचा. माश्या ती गोळी कुरतडून खातात. खाऊन संपेपर्यंत जाळीतून एकमेकींच्या वासाची ओळख होते. राणी बाहेर येते ती घरची होऊनच. रीत अशी. पण डोंगळे भरात होते, शेतकरी रोज विचारत होता की या पेटीच्या माश्या फुलावर का दिसत नाहीत, आणि यांनी घाई केली. गोळी अर्धी असतानाच दार मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी राणी पेटीच्या तळाशी मरून पडली होती. माश्या तिच्याभोवती गोळा होतात, चेंडूसारख्या, आणि गुदमरवून मारतात. रूपानं तिला तळहातावर घेतलं. लांबट, तपकिरी, पंख चुरगळलेले. "मारी टाकं तिले त्यास्नी," ती म्हणाली. "ती त्यास्नी माय नव्हती ना."

बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप गळ्यातल्या टाकाकडे गेला. त्या दिवशी मी चुलीपुढे बसून रडले आणि धुराला दोष दिला. यांना म्हटलं, "आखाजीला मामाबरोबर जाऊ द्या तिला. जुलूम नको." हे माझ्यासमोर नुसते उकिडवे बसून राहिले.

त्याच आठवड्यात माहेराहून कुणीतरी येणारं भेटलं आणि आईनं त्याच्यासोबत केळी पाठवली. पिकून पिवळीधमक झालेली, सालीवर काळे ठिपके पडलेली. घरभर वास सुटला. केळीच्या घरची पोर शेतावर जाताना डब्यात केळं ठेवणारच. आम्हाला भाकरी नसली तरी चालते, केळं लागतं. मी चांगली डझनभर बांधून नेली. रूपा खाईल, असंही मनात होतं.

हे लांबच्या तुकड्यात होते. रूपा निंबाखाली पाटी घेऊन बसलेली. मी पेट्यांजवळच्या दगडावर बसले, केळं सोललं आणि पहिला घास घेतला. रूपानं वर पाहिलं. आधी केळ्याकडे, मग पेट्यांकडे, मग माझ्याकडे. तिचं तोंड उघडलं. आणि मिटलं. ते मिटणं मी पाहिलं.

पहिली माशी मनगटाला डसली. मी हात झटकला. दुसरी कोपराला, तिसरी कानाला. मग मोजायला शुद्ध कुणाला होती? मी पदर डोक्यावर घेऊन डोंगळ्यांत पळाले, हातातलं केळं तसंच घट्ट धरून. वेडेपणा तरी किती! मागून रूपाचा आवाज आला, इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "फेकी दे ते केय! फेक ना!"

मी केळं फेकलं आणि खाली बसले. ती पळत आली. हातात धुराचं डबडं, वर भाता असलेलं, तिच्या हातात मावत नव्हतं. तिनं माझ्या हातांवर, मानेवर, केसांवर धूर सोडला. मग माझा हात मांडीवर घेतला आणि नखानं एकेक काटा खरवडून काढू लागली. मी चिमटीनं ओढायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली. "चिमटीमा नको धरू. इख आखो आंगमा जाई." लग्नाला दोन-तीन महिने होऊन गेले होते आणि ती मला पहिल्यांदा शिवत होती. अंगाची आग होत होती आणि मी मनात म्हणत होते, अजून चार काटे निघू देत.

मग हे धावत आले. जमिनीवरची साल पाहिली आणि भडकले. इतके शांत गृहस्थ, पण आवाज चढला. "रूपी! तुले तं माहीत व्हतं! पेटीजोडे केय खातस नई, तू सांगं नई तिले?"

रूपाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझा हात सोडला.

"तिनं सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच हावरट. ऐकलं नाही."

हे माझ्याकडे पाहत राहिले. रूपाही. मी सुजू लागलेल्या ओठांनी आणखी एकदा सांगितलं, "दोनदा सांगितलं होतं तिनं." खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं, अर्धवट कशाला?

संध्याकाळी यांनी समजावलं. माशी डसते तेव्हा काट्याबरोबर एक वास सोडून जाते, हुबेहूब पिकल्या केळ्याचा. तो वास आला की बाकीच्यांना कळतं, घरावर संकट आलंय, धावा. माझ्या माहेराचा वास म्हणजे त्यांच्या लेखी रणशिंग. म्हणून धूर द्यायचा, तो वास झाकायला. रावेरच्या बाईनंच हा घोळ घालावा! एरवी मी खूप हसले असते, पण ओठ हलत नव्हते. रूपा ओली माती घेऊन आली आणि माझ्या गालावर थापू लागली. एक डोळा मिटलेला, कान पापडासारखा झालेला. तिनं निरखून पाहिलं. "तू गनपतीसारखी दिसी राहिनी," ती म्हणाली आणि फसकन हसली. 'तू' म्हणाली होती. मी मातीच्या आडून ते जपून ठेवलं.

त्यानंतर मी घरात फर्मान काढलं. "या पोरीला कुणीही आई म्हण म्हणून सांगायचं नाही. तिला काय म्हणायचं ते ती बघेल." आबा सुपारी कातरता कातरता थांबले. "बरं माय," म्हणाले, आणि त्यांनी ते पाळलं. शेजारणींना पाळायला लावणं मला जमतं.

बिनराणीच्या पेटीवरही यांनी दुसरा उपाय सुरू केला. आता राणी दिलीच नाही. चांगल्या पेटीतली एक चौकट काढली, कोवळ्या अळ्यांनी भरलेली, आणि या पेटीत ठेवली. थोड्या दिवसांनी आणखी एक. मी म्हटलं, "परकी पिल्लं? मारणार नाहीत का?" तर हे म्हणाले, पिल्लांनाही वास असतो. आईच्या वासाइतकंच त्या वासातही बळ असतं. तो पेटीत दरवळला की कामकरी माश्यांची तगमग थांबते, वेडीवाकडी अंडी घालणं थांबतं. समोर भुकेली तोंडं असली की त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींत दूध उतरतं. अंडं न घातलेल्या माश्या दाई होतात आणि दिवसरात्र पाजत राहतात.

मी कितीतरी वेळ त्या चौकटीजवळ उभी राहिले. आजवर मला वाटायचं, मला या घरात राणी व्हायचं आहे. सुनंदाच्या जागी, तिच्याइतकं. ते माझं चुकलंच. मी राणी नव्हते आणि मला व्हायचंही नव्हतं. मला भुकेलं तोंड समोर हवं होतं, एवढंच. त्या दिवशी टाक मला टोचेनासा झाला. बाई, तू तिला जन्म दिलास, वर मला वाढायला दिलीस. रहा माझ्या गळ्यात, तुझं काय ओझं!

"किती दिवस लागतील?" मी यांना विचारलं.

"त्यास्ले लागतीन तितला."

मग मीही घाई सोडली. साबणाचा शोध सोडला. रूपाच्या वेण्या घालायच्या, तिच्याबरोबर पाढे म्हणायचे, तिच्या गुडघ्याला हळद लावायची. मी स्वयंपाक करताना ती माझ्या पाठीला पाठ लावून बसू लागली. बोलायची नाही, नुसती टेकायची. एकदा चोळी धुवायला काढली तर खांद्याशी तिच्या डोक्याच्या तेलाचा आणि धुराचा वास. मी ती धुतली नाही, परत घडी करून ठेवली.

डोंगळे सुकत आले, बोंडांत काळं बी दिसू लागलं, तेव्हा त्या पेटीत पोळ्याच्या कडेला एक घर लोंबताना दिसलं. भुईमुगाच्या शेंगेसारखं. रूपा नाचायलाच लागली. परक्या घरून आणलेल्या पिल्लांपैकी एक निवडून माश्यांनी तिला राणीचं दूध पाजायला घेतलं होतं. कुणी दिलेली नव्हे, त्यांनी स्वतः वाढवलेली राणी.

ती राणी बाहेर आली आणि काही दिवसांनी एका स्वच्छ दुपारी उडाली. हे जरा लाजत सांगत होते, रूपा पाणी आणायला गेलीय ते बघून, की राणी आभाळात उंच जाते आणि तिच्या वासामागे कुठकुठल्या पेट्यांचे नर येतात. जो वास पेटीत आईपणाचा, तोच आभाळात बोलावण्याचा. एकदा जाऊन आली की जन्मभराचं होतं, मग ती घर सोडत नाही. "आणि नाही परत आली तर?" मी विचारलं. पाखरं टिपतात, वाट चुकते. आम्ही तिघं पेटीसमोर बसलो. दारात माश्या ओळीनं उभ्या राहिल्या, शेपट्या वर करून पंख हलवत. गवती चहासारखा वास आला. रूपा म्हणाली, "वाट दखाडी राहिन्यात तिले. घर आठे शे, आठे ये." राणी आली. तिला आत शिरताना मी पाहिलं नाही, माझे डोळे भरले होते.

आखाजीच्या दोन दिवस आधी भिकनमामाची जीप दारात उभी राहिली.

मी रूपाचे कपडे धुऊन घडी करून ठेवले होते. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारणार नव्हते. जायचं तर हसत जावं तिनं. मामा ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि रूपाला जवळ घेतलं. ती शिंकली. मामा म्हणाला, "चाल रूपी. मोठी माय झोका बांधीसन बठेल शे. तुले लेवाले उनू."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. हे दावणीच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून तिकडेच तोंड करून उभे होते.

रूपानं मामाच्या गळ्यातून हात काढले. विचार करताना करते तसा ओठ चावला. "मामा, तुले काही समजस का?" ती म्हणाली. "आखाजीले भाऊ बहीनले लेवाले येस. पोरले लेवाले कोनी येत नई. पोर मायना संगे जास." मग माझ्याकडे बोट केलं. "मन्ही मायले लेवाले ये. मंग मी येसु."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गळ्याकडे. तो ठसा त्यानंच दोंडाईच्याच्या सोनाराकडून करून आणला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, आणि पंचा मिरचीचा, त्यामुळे डोळे आणखीच वाहू लागले.

"सुनंदा गई तैपशी मी कोनले लेवाले गऊ नई," तो म्हणाला. "जीप काढू आन् कोठे नेऊ?" मग उठून माझ्यासमोर आला, वाकून, लहान भावासारखा. "चाल बहीण. तयारी कर. माय दोन्हीस्नी वाट देखी."

मी यांच्याकडे पाहिलं. हे अजून बैलाकडेच तोंड करून उभे होते, पण खांदे हलत होते. आबा म्हणाले, "जा बेटा, जा. भाऊ लेवाले उना शे, उभी काय ऱ्हास?"

मी आत पळाले. कोनाड्यातली पिशवी घेतली, दोन लुगडी कोंबली, फणी कोंबली, काय कोंबलं ते मलाच कळत नव्हतं. हात थांबत नव्हते. मागून रूपा आली, माझ्या हातातली पिशवी घेतली, तोंड आत घालून वास घेतला आणि मान वर केली.

"माय," ती म्हणाली, "केया नई ना लिन्ह्यात?"